ढील

कुपवाड एमआयडीसी, शेड नंबर अकरा.
पॅनलचं दार उघडं, आत हिरवे दिवे,
आणि एक्स अक्ष कण्हतोय, दात आवळून.

गेन वाढवला की गुणगुणतो,
आणखी वाढवला की थरथरतो,
स्टुलावरच्या चहाला सुरकुत्या पडतात.
कमी केला की गरीब होतो,
पण मागे राहतो. सांगितलं तिथं पोचतो,
सांगितलं तेव्हा नाही.

दस्तगीरचाचा स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून
टोक बेअरिंगच्या घरावर टेकवतात.
डावा कान प्रेसशॉपात गेला, उजव्यावर भागतं.
मिरजेत त्यांचा भाऊ तंबोऱ्याला जवारी लावतो.
साहेब लोक म्हणतात, सूर तुमच्या घरातच आहे हो.
चाचा हसून घेतात, मग मला एकटीला सांगतात:
"त्याला झंकार उठवायचाय गं पोरी,
मला गाडायचाय.
दोनशे चाळीसवर फिल्टर टाक की."
टाकला.
एकदम छपराचा पत्रा ऐकू आला,
आणि बाहेरचं कुत्रं.

एक्स, वाय, झेड ही सरळ माणसं.
दोन्ही टोकांना एकेक लिमिट स्विच,
धडकली की ओरडतात, थांबतात.
सी अक्षाचं तसं नाही.
कोईमतूरच्या लिलावातून आणलेलं फिरतं टेबल;
तीनशे साठ झाले की पुन्हा शून्य,
काही घडलंच नाही असा चेहरा.
जॉब एका अंगाला जड असला
की उतरताना धावतं, चढताना रुसतं.
त्याला एक्सचे आकडे चालत नाहीत.
मी पहिल्या दिवशी दिले होते.
एक कार्बाइड कटर गेला. बावीसशे रुपये.

पहाटे तीनला वर्तुळ काढलं,
चूक हजारपट फुगवून स्क्रीनवर पाहिली.
गोल आहे, पण चार ठिकाणी काटे,
जिथं एखादा अक्ष परत फिरतो तिथं.
वळताना क्षणभर स्क्रू फिरतो, टेबल नाही.
सात मायक्रॉन. भरपाई लिहिली.
दोन राहिले.
"नट आवळू?"
"आवळशील तर तापंल. तेलाला जागा ठेव."

रिपोर्टात लिहिलं: एक्स, वाय, झेड ठीक.
सी: उद्या.

सातची एसटी फाट्यावर थांबली,
म्हणजे फाट्याच्या वीस पावलं पुढे.
कुणी काही म्हणालं नाही.
डबे सांभाळत
आम्ही सगळे तेवढं धावलो.