डिक्लेअर करण्यासारखं काही

रॉम्नी मार्शमध्ये रस्ता सरळ जातच नाही.
पाण्याचे चर वळतात तसा वळतो
आणि शाल्मलीची गाडी त्याच्या मागोमाग.
नोव्हेंबर. दुपारचे चार, आणि मेंढ्या अंधारत चाललेल्या,
एकेक करून, मातीत.

पबच्या पाटीवरची मेंढी खाऱ्या वाऱ्याने
इतकी पुसलीय की नुसते पाय उरलेत.
आत शिरताना माझं कपाळ तुळईला आपटलं.
"सगळ्यांचंच आपटतं," काउंटरमागून डोरीनबाई म्हणाल्या,
"एक्साइजवाल्यांचं आपटावं म्हणून तर एवढी खाली घातलीय."
दिवसाकाठी दहादा म्हणत असतील.
तरी हसल्या मनापासून.

मी चहा मागितला. शाल्मली ओशाळली.
डोरीनबाई मात्र खूश. त्यांनी मला शेकोटीपाशी नेलं,
बाजूची फळी सरकवली:
माणूस दुमडून बसेल एवढी पोकळी.
"ब्रँडी सगळ्यांना आठवते. पण इथे चहाच असायचा जास्त.
रात्रीच्या होडीने, मेणकापडात बांधून.
कर एवढा, की पाद्रीसुद्धा चोरटाच प्यायचा."

मी आत हात घातला.
गारवा, काजळी, आणि तळाशी एक ओलसर वास
ज्याला मी नाव देऊ शकले असते.

हर्णैला माझे वडील कस्टममध्ये शिपाई.
खाकी चड्डी, शिट्टी, तीन सेलची बॅटरी.
एका पहाटे ते कंबरेपर्यंत भिजून आले
आणि कुणाशी न बोलता झोपले.
दोन दिवसांनी तांदळाच्या कणगीत
माझ्या हाताला घड्याळ लागलं.
अंधारात हिरवे चमकणारे आकडे.
कानाला लावलं. चालू होतं.
मग परत खुपसलं,
होतं त्याहून खोल.

ते त्यांच्या मनगटावर कधी दिसलं नाही.
त्या पावसाळ्यात धाकट्याचं ऑपरेशन झालं, मिरजेला.
एका घड्याळात ऑपरेशन होत नाही
हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं,
दुसराच कसला तरी हिशेब मांडताना.

डोरीनबाईंच्या भिंतीवर फ्रेम आहे:
पकडलेल्यांची नावं, फासावर गेलेल्यांची,
एकाखाली बोटाने पुसून पुसून उजळलेली जागा.
"हा आमचा. माझ्या आजोबांच्या आजोबांचा बाप."
डॉक्टर झालेल्या भाच्याचं सांगावं तसं सांगितलं.
मी म्हटलं, आणि किनाऱ्यावर ड्यूटीला असून
त्या रात्री ज्यांनी पाठ फिरवली, ते?
मराठीतच म्हटलं.
शाल्मलीने भाषांतर केलं नाही.
ती माझ्याकडे बघत राहिली.

तिला ठाऊक नाही. तिच्यासाठी आजोबा म्हणजे
पेन्शनीतून दरवर्षी फटाके घेणारे.
तिला हेही ठाऊक नाही की परवा हीथ्रोवर
त्या कोवळ्या ऑफिसरने विचारलं, आजी, खाण्याचं काही?
तेव्हा मी नाही म्हटलं, मान न हलवता,
आणि बॅगेच्या तळाशी सुके बोंबील होते,
सहा पदरी वर्तमानपत्रात, वर नेसूचं पातळ.
वास त्याला आला. त्याच्या नाकावरून मला दिसलं.
त्याने माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे,
मग पुढच्या ट्रॉलीकडे.

डोरीनबाईंनी चहाचे पैसे घेतले नाहीत.
"चहावर इथे अजून कर बसलेला नाही," म्हणाल्या.
शाल्मलीने दार धरलं. बाहेर समुद्र दिसत नव्हता,
नुसता ऐकू येत होता, गोट्यांवरून खरखरत मागे जाणारा.

"आई, खाली बघ. तुळई."

मी वाकले.
पुरेशी वाकले असं मला वाटलं.