लाईट गेली तेव्हा

सूप मांडीवर घेतलं की माझी बोटं बघत नाहीत,
त्यांना कळतं.
सैल विडी, फाटकं पान, तंबाखू कमी पडलेलं पोट.
ब्रँचवरच्या चेकरनं छाट काढायच्या आधी
मीच काढते.
एकवीस वर्षं झाली, दिवसाला हजार.

आणि पवित्राच्या कॉलरचं टोक
चावून चावून दोरे सुटलेलं,
ते मी तीनदा शिवून दिलं.
हे म्हणाले, हल्ली कापडच हलकं येतं.

दर सोमवारी पोट दुखायचं तिचं.
बेंबीपाशी बोट ठेवून दाखवायची.
ओवा दिला, हिंग लावला,
मिरच्या ओवाळून टाकल्या, ठसका नाही आला,
म्हणजे दृष्टच होती, झालं समाधान.
सिव्हिलमध्ये रांग धरली, एका दिवसाची मजुरी बुडवून.
रिपोर्ट नॉर्मल.
तिच्यावरच चिडले: नाटकं करतेस.

शाळेतल्या बाई म्हणाल्या, गुणी आहे, आवाज नसतो तिचा.
मी बाईंना शेंगाचटणी नेऊन दिली. खुशीनं.

वहीत एकाच शब्दावर खोडरबर फिरून
कागदाला भोक.
पाचव्या दिवशी पाणी यायचं, त्या पहाटे
ती माझ्या आधी उठून नळाशी बसलेली.
पोरगी किती जबाबदार, मी शेजारणीला सांगितलं.
आणि रोज दारात,
अम्मा, किती वाजता येणार?
चारला.
चारला म्हणजे चारलाच?
अगं हो.
चार वाजून गेले तर?

हे सगळं मला दिसत होतं.
दिसलं नाही असं म्हणणार नाही.

भिंतीपलीकडे बोद्धूलांचे आठ माग.
त्यांची खडखड इतकी जुनी
की आम्हाला तीच शांतता वाटते.
चैत्रातल्या एका रात्री लाईट गेली.
माग थांबले, पंखा थांबला,
आणि अंधारात
करकर, करकर.
वाटलं, पत्र्यावर उंदीर.
कान देत देत सरकले
तर आवाज पवित्राच्या तोंडातून.
झोपेत दातांवर दात घासत होती,
जबडा विटेसारखा कडक,
नऊ वर्षांचा जबडा.

घाबरू नकोस म्हणायला तोंड उघडलं.
ते तर मी रोजच म्हणायचे.
मग नुसता हात सरकवला तिच्या गालाखाली.
बऱ्याच वेळानं बोलली,
जागी होती की झोपेत, कोण जाणे:
ब्रँच बंद पडली तर तुझा खोकला जाईल ना?
मग पडू दे.
पण मग फी...

फीचा आकडा तिला पाठ होता.
मला नव्हता.

लाईट आली. माग सुरू झाले.
ती पुढे काहीतरी म्हणाली,
ओठ हलले तेवढे दिसले.
परत सांग, म्हटलं,
आणि वाकून
कान तिच्या तोंडाला लावला.