बिनरुंदीची रेघ

सातवीच्या वर्गाला मीच शिकवते,
रेषेला लांबी असते, रुंदी नसते.
शाळा सुटली की कार्यालयातल्या एकुलत्या संगणकावर,
सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या त्या नकाशात
फरगान्याच्या कोपऱ्यातलं आमचं गाव काढत बसते.
पाणवठा. दवाखाना, बंद.
दुकान, बुरुलच्या सासूचं.
पॉपलरच्या दोन रांगा.
इथवर कुणाचं काही म्हणणं नसतं.

मग सीमा.

आमच्या तालुक्यात एक कागद आहे, त्यांच्या तालुक्यात दुसरा,
दोन्हींवर मॉस्कोचा शिक्का.
एका कागदात रेघ कालव्याच्या पलीकडून जाते,
तीस वर्षांनंतरच्या कागदात अलीकडून.
मधे उरतात एकशे चाळीस जर्दाळू,
तोलोगोन आजोबांचा गोठा, त्यांची रोटीची भट्टी,
आणि एक कुत्रा, ज्याला किरगिझ आणि ताजिक
दोन्ही भाषांतल्या शिव्या कळतात.

मी रेघ पलीकडून ओढते,
सकाळी बघते तर अलीकडे.
ओढणाऱ्याचं नाव: सातवी पाळी.
वेळ: रात्री दोन, नेहमी दोनच्या सुमाराला.
आठवडाभर तो पुसतो, मी काढते.
माझं म्हणणं काळ्या दगडावरचं,
त्याचाही दगड काळाच.
मी लिहिलं, पुरावा द्या.
त्यानं लिहिलं, आधी तुम्ही.
मी कागदाचा फोटो टाकला, त्यानंही टाकला.
त्याच्या फोटोत अंगठ्याचं टोक आलं होतं,
नखात ओला चिखल.

तेव्हा कळलं.
सातवी पाळी म्हणजे पाण्याची.
सहा शेतं भिजून होईस्तोवर
हा माणूस खोरं टेकवून मोरीपाशी जागा असतो,
आणि हातात फोन असतो.

नकाशाचा नियम सांगतो, जमिनीवर दिसेल तेच काढा.
रविवारी मी बघायला गेले.
सीमेचा खांब आडवा पडलेला,
त्यावर कुणीतरी सतरंजी धुऊन वाळत घातलेली.
तार जिथे सुरू होते तिथेच संपते.
गेल्या वसंतात गोळीबारात जळालेलं छप्पर,
ते मात्र त्याच्या आणि माझ्या नकाशात
एकाच जागी आहे.

त्या रात्री त्यानं सीमेला हात लावला नाही.
विचारलं, तिसऱ्या मोरीला तुमच्यात काय म्हणतात?
मी सांगितलं, ओरुकची मोरी.
त्यानं खाली लिहिलं, आमच्यात जर्दोलूची.
एकाच झाडावरून.
मग आम्ही कालवा पुरा केला, मोरी मोरी करत.
रेघा दोन्ही ठेवल्या, तुटक,
बाजूला शब्द: विवादित.

आठवडा गेला.
दूरच्या कुठल्या बंदरातल्या नीटनेटक्या माणसानं
दोन रेघा म्हणजे चूक, असं समजून
दोन्ही काढून टाकल्या
आणि एक घातली, सरळ, बरोब्बर मधून.
तोलोगोन आजोबांची भट्टी इकडे,
पिठाची कोठी तिकडे.

मी पुसायला बसले, तर आधीच पुसलेली होती.
चार मिनिटांपूर्वी.
त्याची पाळी अजून यायची होती.

आज वर्गात अयपेरीनं विचारलं,
बाई, रुंदी नसते तर ती दिसते कशी?
फळ्यावरची माझी रेघ बोटभर जाड,
खडू खाली सांडत होता.
म्हटलं, पेपरात लिही,
नसते.