चार नंबरचं बटण

मानेवाडा रोडवरचं मंगल कार्यालय, मे महिना,
पारा सेहेचाळीस.
नवरानवरीच्या खुर्च्या भिंतीला लावून
तिथे दहा कॉम्प्युटर, आणि कूलर इतके
की समालोचकाच्या माइकमध्ये दिवसभर
वाळ्याच्या ताट्यांची ओली घरघर.

मी स्विचरवर बसतो.
बोटांखाली चार बटणं, बाहेर जायला वाट एकच.
एक नंबर, बेटावर उतरणारी शंभर माणसं, बंदुका.
दोन नंबर, पाच विरुद्ध पाच, तीन वाटा, एक जंगल,
चाळीस मिनिटं चालणारं भाऊबंदकीचं भांडण.
तीन नंबर फुटबॉल, जो सोबत आलेल्या बापांनाही कळतो.
चार नंबर मारामारी. दोघंच. नव्व्याण्णव सेकंद.

मागच्या वर्षी पाच नंबरही होता.
सैन्य उभारा, खाणी खोदा, वाट बघा.
खेळणारे आठ, बघणारे सहा,
त्यातले दोन मीच, दोन फोनवरून.
यंदा त्या बटणावर चिकटपट्टी आहे.

वेळापत्रक ठरताना पंगतीसारखी ओढाताण.
पाच-विरुद्ध-पाचवाले म्हणाले, आमचं लांबतं, आम्हाला शेवटी बसवा.
फुटबॉलवाले म्हणाले, आमचं वेळेत संपतं, म्हणून आम्हाला.
बुटीबोरीचा कूलरवाला, ज्याचे पैसे,
दात कोरत म्हणाला,
"गर्दी कुठं होऊन राहिली ते सांगा ना भाऊ.
सहा ते दहा बंदुका. बाकीचं पाहून घ्या तुम्ही."
मारामारीला मिळाले सकाळचे साडेनऊ,
गाव तर्री-पोह्यांवर असतं तेव्हाचे.
आणि फायनल, जमलं तर.

संध्याकाळी सात दहा. अकरा हजार लोक बघताहेत.
बेटावर उरलेले बावीस जण
गवतात पालथे. कोणी हलत नाही.
समालोचक निमिष वाऱ्याबद्दल बोलतोय.
त्या खेळात वारा नाहीच.
अकरा हजार लोक गवत बघताहेत.

आणि माझ्या डाव्या हाताच्या छोट्या पडद्यावर,
आवाज बंद,
प्रणोती सोरते आणि मोमीनपुऱ्याचा अर्शद.
शेवटचा डाव. दोघांच्या जिवाची पट्टी
नखाएवढी.
ती मागे सरकते. तो थांबतो.
ती थांबते. तो ओळखतो, की ती ओळखून आहे.
मागे सात जण उभे, त्यातल्या एकाने
समोसा तोंडाशी नेऊन तसाच धरलाय.

बोट चारवर होतं. खोटं कशाला बोलू.
कानात प्रोड्यूसर, "एकवर राहा. एकवरच राहा बे."
राहिलो.
गवत.
गवत.
डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी लखकन झालं,
सात माणसं एकदम उडाली, बिनआवाज.
समोसा पडला.

मग दाबलं.
मुद्दाम नाही. मुद्दाम.
अकरा हजारांना अकरा सेकंद दिसलं ते एवढंच,
अर्शद खुर्चीखाली वाकून प्लग काढतोय,
आणि प्रणोती कोपर ते अंगठा, कोपर ते अंगठा
कंट्रोलरची वायर गुंडाळतेय,
तांडापेठेत मागावरच्या घरांत
सुताची लड गुंडाळतात, तशी.
घाई नाही. कोण जिंकलं
ते दोघांच्या चेहऱ्यांवरून कळत नव्हतं.
मलाही नाही.

कानात शिव्या. परत एक नंबर.
त्या अकरा सेकंदांत म्हणे बेटावर तिघे मेले
आणि ते कोणीच पाहिलं नाही.
पडद्याच्या कडेला एकाने लिहिलं, "हे काय होतं बे?"
दुसऱ्याने, "पोरगी कोण?"
तिसऱ्याने, "गवत दाखवा."

रात्री तारा काढत होतो, कूलरवाला आला.
वाटलं, गेलं काम.
म्हणाला, "ते वायर गुंडाळणं होतं ना,
मागं आपला कूलर मस्त आला.
पुढच्या वर्षी तसं अजून घेजा."
मी हो म्हणालो.
उकाड्याने पाच नंबरवरची चिकटपट्टी
एका टोकाला सुटून आली होती.
अंगठ्याने दाबून बसवली.