समोर काढ धार

गंगावेशीच्या कट्ट्यावर
दिवस कलताना म्हस उभी करतो मी.
गिऱ्हाईक म्हणतं, समोर काढ धार.
आधी चरवी उपडी करून दाखवतो,
पाण्याचा थेंब नाही, बघा.
तीस वर्षं झाली,
कपाळावर गुलाल आहे का बुक्का
हे बघून कुणी पेला पुढं केला नाही.

मी जोतिबाचा.
चैत्रात सासनकाठीला खांदा देतो,
रविवारी डोंगराकडं हात जोडल्याशिवाय
चहा घेत नाही.
हे आधीच सांगितलेलं बरं,
नाहीतर म्हणाल, ह्याला देवाचं वावडं.

मंगळवारी रात्री गल्लीत माणसं आली.
इंद्रजितरावांची.
इंद्रजितराव म्हणजे
नवरात्रात नऊ दिवस अनवाणी,
पालखीपुढं पहिला,
आणि त्यांच्यापुढं फोटोवाला,
तोही अनवाणी, उलट्या पावलांनी चालणारा.
माणसांनी पाकीट दिलं.
पाकिटामागनं ताट आलं,
ताटात बेल-भंडारा, मधोमध अंबाबाईचा टाक.
म्हणाली, उचला वहिनी.

मालननं उचलला.
पैसे डाळीच्या डब्यात, भंडारा पदराच्या गाठीत,
आणि तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही.
मी म्हणालो, शपथ आपल्याकडनं घेतली,
त्यानं कुठं घेतली?
ताट एकाच अंगाला फिरलं की गं.
ती म्हणाली, देवी कुठल्या अंगाला बसलीय
ते तुम्हाला काय ठाऊक?

दुसरी उभी आहे ती कुंभोजकर बाई,
जनावरांची डॉक्टर.
पुराच्या साली नदी शुक्रवारातनं आत आली,
म्हशी शाळेच्या आवारात नेऊन बांधलेल्या,
लाइट नाही, वर पाऊस,
आणि काळी अडली.
बाईनं खांद्यापर्यंत हात घालून
आडवं आलेलं रेडकू फिरवलं.
देवाचं नाव घेतलं नाही.
शिव्या घातल्या,
त्याही म्हशीला नाही, मला,
बॅटरी नीट धर म्हणून.

देवळात जात नाही ती.
मला ते खटकतं, खोटं कशाला बोलू.
परवा विचारलंच,
बाई, देव मानता का?
म्हणाली, कधी मानते, कधी नाही.
काळीच्या सडाला सूज कधीपासून आहे?

तालमीत म्हणतात,
जो देवाला भीत नाही तो कुणाला भिणार?
मी म्हणतो, इंद्रजितराव भितात का?
वस्ताद म्हणतो, निदान हात तर जोडतो गड्या.
ते खरंच.
पण हात जोडले
की हातात काय आहे ते दिसत नाही.
वस्ताद हसला नाही.
मलाही बोलून झाल्यावर बरं वाटलं नाही,
कारण मी रोज हात जोडतो.

मतदानादिवशी मालन पहाटेच उठली.
डोक्यावरनं पाणी घेतलं,
पदराची गाठ सोडली,
भंडारा काळीच्या कपाळाला लावला,
उरलेला माझ्या.
शाळेकडं निघालो,
तर महाद्वारापाशी वळली.
मी तिच्या चपला धरून उभा.
रांग नव्हती, तरी उशीर लागला.
बाहेर आली. म्हणाली,
सगळं सांगितलं तिला, पैशाचंसुद्धा.
मग? काय म्हणाली?
काय म्हणणार.
बघत होती, नेहमी बघते तशी.

शाळेत मालन आत गेली, बाहेर आली.
बोटाला शाई,
नखाच्या कडेला अजून पिवळं.
कुणाला दिलं, मी विचारलं नाही.
तीस वर्षांच्या संसारात
एवढं न विचारणं मला पहिल्यांदाच जमलं.
पाकीट मात्र डाळीच्या डब्यात नाही,
तेही मी विचारलेलं नाही.

संध्याकाळी कट्ट्यावर सगळे
कोण येणार, कोण पडणार.
मी चरवी उपडी करून दाखवली,
गुडघ्यात धरली, सड धुतले.
कुणीतरी म्हणालं, अंधार पडलाय,
जरा दिव्याकडं सरकव म्हस.
सरकवली.
तळाला पहिली धार वाजली,
आणि बोलणं अर्धं टाकून
सगळे वाकून बघायला लागले.