पोच

प्रश्नावली आधी इंग्रजीत होती,
मग हिंदीत आणली, मग परत इंग्रजीत नेऊन पाहिली,
वाटेत काही सांडलं तर नाही ना म्हणून.
पाच तज्ज्ञांनी सह्या केल्या.
नवव्या प्रश्नातल्या एका शब्दावर आमचे दोन गुरुवार गेले
आणि शेवटी 'पहुँच' ठरला.
एल्सम्मा मॅडमनी लाल पेनचं टोपण लावलं.
जा आता फील्डवर, सिस्टर.

कंपूवरून स्कूटर काढली.
घाटीगावच्या अलीकडे डांबर संपतं
आणि हवेला दगडाची चव येते.
खाणीवरच्या बायका बोलताना छिन्नी खाली ठेवत नाहीत.
ठोका, उत्तर, ठोका.
नमुना क्रमांक दोनशे सात.
नाव कपूरी. वय विचारलं तर म्हणाली,
तुम्हाला दिसतंय तेवढं लिहा.

छापलंय तसंच वाचायचं,
अर्थ समजावून सांगायचा नाही, हा नियम.
मी वाचलं:
स्वास्थ्य केंद्र तक आपकी पहुँच है?
ती हसली. हसण्यातून खोकला निघाला.
तो संपेपर्यंत मी थांबले,
खोकल्याला रकाना नव्हता.

"हमाई काहे की पहुँच, बेनजी?
पहुँच तो सरपंच की है।"

केंद्र तिथून सव्वा किलोमीटर.
स्कूटरच्या काट्यावर मीच मोजलेलं.
माझ्या नकाशात कपूरी हिरव्या वर्तुळात येते,
चांगली आतल्या बाजूला.

अठरा वर्षं मी छातीच्या वॉर्डात काढली.
मावससासूला तिथेच खाट लागली तेव्हा
फोन केला, म्हटलं, आपल्यातल्या आहेत.
पंधरा मिनिटांत खाट, खिडकीजवळची,
वर धुतलेली चादर.
त्या दिवशी खाली जमिनीवर कोण होतं
ते मला आठवत नाही.
प्रामाणिकपणे सांगते, मी आठवून पाहिलं.

बाबा मोतीमहालात ऑडिटला होते.
घरात मराठी, ऑफिसात हिंदी, फायलीत इंग्रजी.
शाळेचा अर्ज असो की गॅसचा,
दारातच विचारायचे, पोच घेतलीस?
पोच नाही म्हणजे तू गेलीच नाहीस.

कपूरीनं कमरेची पिशवी सोडली.
खताच्या पोत्यातून कापून शिवलेली.
आत चिठ्ठ्या, वर्षावर्षाच्या,
घामानं पिवळ्या, घडीवर फाटलेल्या.
खिडकी तीन. खिडकी सात. मशीन बंद आहे.
सोमवारी या. शहरात न्या. जोडीला कुणाला तरी आणा.
प्रत्येकीवर शिक्का, तारीख, कुणाची तरी घाईची सही.
नवऱ्याची शेवटची चिठ्ठी
एक्स-रेसाठी बारा एप्रिलला बोलावणारी.
तो होळीच्या आदल्या दिवशीच गेला होता.
ती बाराला गेली तरीही,
कळवायला नको का, म्हणाली.

म्हणजे पोच होती तिच्याकडे.
एकूण एक पोच.

मी पेन धरून बसले.
'हो' लिहिलं तर सरकारचं खरं,
'नाही' लिहिलं तर माझा नकाशा खोटा.
मॅडम म्हणतील, हे उत्तर वैध नाही,
शब्दाचा गैरसमज झाला, प्रश्न गाळून टाक.
गैरसमज पाच तज्ज्ञांचा की कपूरीचा,
हे शोधायला माझ्याकडे चाचणी नाही.

सहीच्या जागी अंगठा घेतला.
दगडानं रेषा पुसलेल्या,
कागदावर नुसता निळा डाग.

"हे कागद जाणार कुठं?"
म्हटलं, आधी विद्यापीठात. मग अहवाल होईल,
तो भोपाळला, मोठ्या लोकांपुढे.
तिनं छिन्नी दगडावर टेकवली, हातोडी उचलली
आणि माझ्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच, नीट.

"तिथं तुमची आहे?"

काय, ते तिनं सांगितलं नाही.
माझ्यासमोर पाच चौकोन होते,
पूर्ण सहमत पासून पूर्ण असहमत पर्यंत.
ठोका.