घूं

पहिले आठ दिवस मला वाटलं
शिवारात कुठंतरी तुरीचं मळणीयंत्र चालू आहे.
दिवसच तसे होते, माघ सरत आलेला,
काचेवर भुसा, ओढणीवर भुसा.
मग तुरी संपल्या,
पऱ्हाट्यांचे ढीग बांधाला लागले,
आणि आवाज माझ्यासोबत थेट दारव्ह्यापर्यंत आला.

चाळिसाला सुरू होतो, साठाला भरतो.
सत्तरला मागच्या सीटवरचा लसींचा डबा
झाकणासकट थरथरतो.
उतारावर गिअर काढून पाहिला,
इंजिन खाली बसलं, घूं बसला नाही.
म्हणजे इंजिन नव्हे.
तापाचा पेशंट आला की
आधी मलेरिया नाही ना, ते बघायचं. तसं.

गफ्फारभाई म्हणाले, टायर करवतीसारखे घासलेत, सिस्टर.
पुढचे मागे टाकले, मागचे पुढे, दोनशे रुपये.
लाडखेड येईतो कान मागे लावून बसले.
घूं पुढेच होता,
जिथल्या तिथे.

शेवंताबाई आशा माझ्या डावीकडे बसतात.
त्या पाय वर घेऊन बसू लागल्या.
"माह्या पायाखाली मोहोळ हाय बाप्पा!"
मलाही तसंच वाटायचं. डावं चाक. नक्की डावं.

फाट्यावर पुंजाराम मेश्रामांचं टिनाचं शेड.
बावीस वर्षं जिनिंगमध्ये काढली, एक कान तिथंच राहिला.
"दुसऱ्यानं बायकोचंच तेवढं ऐकू येते,
थेबी तिनं ठरवलं तर."
शेजारी बसले. म्हणाले, चालवा.

तलावाच्या पाळीखालचा रिकामा रस्ता.
"डावीकडं घ्या. आता उजवीकडं. आस्ते नाही, जोरानं."
गाडी प्यायल्यासारखी झुलत चालली,
शेळ्यांमागचं पोट्टं काठी विसरून बघत राहिलं.
त्यांना ऐकू येत नव्हतं, म्हणून मीच सांगत होते:
वाढला.
गेला.
वाढला.
गेला.
रोज मी विचारते, इथं दुखतं का? आणि इथं?
आज उत्तरं माझी होती.

"डावीकडं वळवली का वाढते ना? मंग उजवं चाक."
पण आवाज तर डावीकडून येतो!
"वळली का वजन पडते उजव्यावर.
ज्याच्यावर वजन, थोच कन्हते.
आवाजाचं काय, पत्र्यातून कुठूनबी निंगते."
उजवं. म्हणजे शेवंताबाईंच्या नव्हे,
माझ्याच ब्रेकच्या पायापुढे, हातभरावर.

जॅक लावला. दोन बोटं स्प्रिंगवर ठेवली,
दुसऱ्या हातानं चाक फिरवलं,
आणि ते रस्त्यावरच्या एसटीकडे बघत राहिले.
"घ्या, तुमीच पाहा."
मी बोटं ठेवली.
लोखंडात बारीक खरखर,
ज्वारीच्या पिठात राहिलेली कच दाताला लागते तशी.
डावीकडची स्प्रिंग झोपलेली होती.
हजारो नाड्या पाहिल्या मी,
घड्याळाशिवाय पाहिलेली ही पहिली.

बेरिंग दुसऱ्या दिवशी यवतमाळहून एसटीनं आलं,
कंडक्टरच्या बॅगेत, तिकिटांच्या मशीनखाली.
जुनं निघेना. तेल, हातोडा, एक शिवी, चहा,
पुन्हा हातोडा.
निघालं तेव्हा मिस्त्रींचा नातू टपून बसलेला;
त्याच्या फळीगाडीला तीन चाकं होती
आणि चौथ्याची तो उन्हाळ्यापासून वाट बघत होता.

परत येताना शेवंताबाई दचकल्या,
"सिस्टर, गाडी बंद पडली का काय?"
पासष्टवर होतो आम्ही.
पाय खाली सोडायला त्यांना लोणी येईपर्यंत वेळ लागला.

पुढच्या मंगळवारी फाट्याच्या उतारावर
फळीगाडी खडखडत समोर आली, मी ब्रेक दाबला.
तीन चाकांचा आवाज एक, चौथ्याचा वेगळा,
जाड, ओळखीचा.
पोरानं ते डावीकडे बसवलं होतं.